चोवीस इंचांची दांडी

प्रार्थनेच्या रांगेत मी कायम पहिली असायचे, हे वर्गातल्या सगळ्यांना आठवत असेल. हुशारीत नव्हे, उंचीत. पीटीचे सर रांग लावताना वर न बघताच माझं नाव घ्यायचे आणि मागच्या मुली हसायच्या. दहावीनंतर सगळ्यांची उंची वाढली, माझी चार फूट दहा इंचांवर थांबली ती थांबलीच.

स्मरणिकेसाठी लिही, पण कॉम्प्युटरवर नको, अशी संपादक मंडळाची सूचना होती. म्हणून माझ्या दुसऱ्या उद्योगाबद्दल लिहिते. गेली पंधरा-सोळा वर्षं मी जुन्या, लहान फ्रेमच्या सायकली गोळा करते आणि दुरुस्त करून पुन्हा चालत्या करते. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशा सहा सायकली उभ्या आहेत. घरचे त्यांना भंगार म्हणतात. मी लिहितेय तो मात्र नुसत्या छंदाचा वृत्तांत नाही. गेल्या वर्षी एक फोन झाला आणि या सायकलींचा इतिहास मी नव्याने वाचायला घेतला.

आपण सायकल शिकलो तेव्हा भाड्याच्या दुकानात छोटी सायकल एकच असायची आणि रविवारी तिला नंबर लागायचा. नंबर आला नाही की घरातली वडिलांची सायकल. काळी, रॉड ब्रेकची, अठ्ठावीस इंची चाकांची, चोवीस इंची. तिच्यावर बसणं शक्यच नव्हतं. आडव्या दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालायचा, डाव्या हाताने हँडल धरायचं, उजवी काख सीटवर आणि अर्धं-अर्धं पायडल मारत, तिरक्या अंगाने जायचं. ढोपरं फुटलेली नाहीत असा आपल्या वर्गात एकही नसेल. ते आपल्याला गमतीचं वाटायचं. मोठं झाल्यावर पाय पुरतील, असं सगळे सांगायचे. मुलांचे पुरले.

माझ्या बाकावर पाचवीपासून एक मैत्रीण बसायची. नदीपलीकडच्या वाडीतून चार किलोमीटर चालत यायची. तिच्या परवानगीने हे लिहिते. नाव मात्र घालू नको म्हणाली. नववीच्या दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. दहावीच्या ग्रुप फोटोत ती नाही. लग्न ठरलं असेल, घरची अडचण असेल, असं आपण सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं आणि नंतर विसरलो. मीही विसरले.

मेळाव्यासाठी नंबर जमवताना तिचा नंबर मिळाला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलं, “तू शाळा का सोडलीस गं?” ती म्हणाली, “जादा तास सुरू झाले ना. सुटेपर्यंत सहा वाजायचे, चालत जायचं तर अंधार. आधी भाऊ होता डबलसीट न्यायला. तो दहावी होऊन गेला.” मी म्हटलं, “आणि सायकल?” “सायकल होती की घरात. अण्णा सकाळी दूध घालून आले की दिवसभर भिंतीला टेकून असायची. दांड्याची होती. मला बसता येईना.”

तिने हे अगदी सहज सांगितलं. मला त्या रात्री झोप लागली नाही. शाळा सुटण्याची कारणं एकच कधी नसतात, हे मला कळतं. तिच्या जागी मुलगा असता तर कुणीतरी काहीतरी सोय काढली असती, हेही कळतं. तरी भिंतीला टेकून उभी असलेली ती सायकल डोळ्यांसमोरून जाईना. ती दांडी तेवढ्या उंचीवर कुणी आणि का ठेवली होती?

उत्तर शोधायला इंग्लंडपर्यंत मागे जावं लागतं. १८७० च्या दशकात तिथे जी सायकल प्रचलित झाली तिचं पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं आणि मागचं अगदी चिमुकलं. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेलं, चेन नाही. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. त्यामुळे चाक जितकं मोठं तितका वेग जास्त, आणि चाक किती मोठं घेता येईल ते पायाच्या लांबीवर अवलंबून. म्हणजे लांब पायांचा माणूस वेगवान आणि आखूड पायांचा हळू, हे यंत्रातच ठरलेलं होतं. लांब झगे घालणाऱ्या बायकांचा तर प्रश्नच नव्हता. त्यांच्यासाठी तीनचाकी होत्या. गंमत म्हणजे इंग्रजी पद्धतीत सायकलचा गियर आजही इंचांत मोजतात. ते इंच म्हणजे त्या जुन्या मोठ्या चाकाचा व्यास.

१८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, माणूस मध्ये, आणि पायडलपासून मागच्या चाकापर्यंत चेन. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि धक्केही कमी झाले. चेनमुळे एक फार मोठी गोष्ट घडली होती. पुढची चकती आणि मागची चकती यांच्या दातांवरून वेग ठरू लागला. पायाच्या लांबीशी त्याचा संबंध उरला नाही. बुटक्या माणसाला सायकल मिळायला यंत्राच्या बाजूने आता काहीच अडचण नव्हती.

अडचण दुसरीकडून आली. फ्रेम. तीन नळ्यांचा त्रिकोण ही सायकलच्या फ्रेमची सगळ्यात हलकी आणि बळकट रचना आहे, हे आपल्याला भूमितीच्या बाईंनी शिकवलेलंच आहे: त्रिकोणाच्या बाजू पक्क्या असतील तर कोन बदलत नाहीत. त्या त्रिकोणाची वरची बाजू म्हणजे आडवी दांडी. १८८० च्या दशकाच्या अखेरीस बायकांसाठी सायकली निघाल्या तेव्हा झगा अडकू नये म्हणून ती दांडी काढून तिरकी, खाली झुकलेली नळी घातली. त्रिकोण मोडला. गेलेली बळकटी भरून काढायला नळ्या जाड कराव्या लागल्या आणि वजन वाढलं. १८९४ मध्ये ॲनी लंडनडेरी ही तीन मुलांची आई बॉस्टनहून जगप्रवासाला निघाली, ती ४२ पौंड वजनाच्या लेडीज सायकलवर. शिकागोपर्यंत जाऊन ती टेकीला आली. तिथे तिने ती सायकल सोडली, २१ पौंडांची पुरुषांची सायकल घेतली, झगाही सोडला आणि प्रवास पुरा केला.

म्हणजे बायकांच्या सायकलचा विचार झाला तो कपड्यांचा. उंचीचा नाही. ही चूक पुढे शंभर वर्षं चालली.

आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास सायकलचे मोठे कारखाने उभे राहिले. मद्रासला टीआय सायकल्स १९४९ मध्ये, सोनीपतला ॲटलास १९५१ मध्ये, आसनसोलला सेन-रॅले, आणि लुधियानाला १९५६ मध्ये हिरो. ही हिरो १९८६ मध्ये जगातली सर्वांत जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात गेली. या सगळ्यांनी मुख्यतः बनवली ती इंग्लिश ‘रोडस्टर’. निवड चुकीची नव्हती. अठ्ठावीस इंची चाक खडबडीत रस्त्यावर खड्डा सहज ओलांडतं, जाड नळ्यांवर दुधाचे कॅन, धान्याचं पोतं, अख्खं कुटुंब लादता येतं, आणि कुठल्याही गावात दुरुस्त होते. कमावता पुरुष हे गिऱ्हाईक धरून ती बनली होती आणि त्या कामाला ती उत्तम होती.

आता हिशेब करू. सायकलची ‘चोवीस इंची फ्रेम’ म्हणजे पायडलच्या आसापासून सीटखालच्या नळीच्या टोकापर्यंतचं अंतर २४ इंच, म्हणजे ६१ सेंटिमीटर. पायडलचा आस जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर वर. सीटखालची नळी तिरकी असते, म्हणून आडवी दांडी जमिनीपासून साधारण ८६ सेंटिमीटरवर. नववीत माझ्या मैत्रिणीची उंची चार फूट सात इंच धरली, म्हणजे १४० सेंटिमीटर, तर तिच्या पायाची आतून मोजलेली लांबी ६४ च्या आसपास. दांडी तिच्या पायांपेक्षा जवळजवळ वीतभर वर होती.

घरात लेडीज सायकल असती तर? बावीस इंची लेडीज सायकलला दांडीचा त्रास नाही. पण सीट कितीही खाली केली तरी आसापासून ६४ सेंटिमीटरच्या खाली येत नाही, आणि पायडलचा दांडा खाली जातो आणखी १६. सीटपासून खालच्या पायडलपर्यंत ८० सेंटिमीटर, पाय ६४. तेव्हाही पाय पोचला नसता. अठरा इंची फ्रेमवर चवडे टेकवून जमलं असतं. तशी सायकल आपल्या गावात मी तरी पाहिली नाही.

मग फ्रेम सरळ लहान का करत नाहीत? इथे मी इंजिनिअर म्हणून अडकले होते. अठ्ठावीस इंची चाकं तशीच ठेवून फ्रेम लहान केली की पुढचं चाक पायडलच्या जवळ येतं आणि वळताना पायाचा अंगठा चाकाला घासतो. ते टाळायला पुढची बाजू लांब ठेवली की हँडल इतकं दूर जातं की बुटक्या माणसाला ओणवं व्हावं लागतं. छोटी सायकल म्हणजे मोठ्या सायकलची छोटी झेरॉक्स नव्हे. सगळी मापं नव्याने मांडावी लागतात.

ती नव्याने मांडणारी दोन माणसं मला फार महत्त्वाची वाटतात. पहिले ॲलेक्स मोल्टन. रबराच्या सस्पेन्शनचे तज्ज्ञ. ब्रिटनच्या प्रसिद्ध ‘मिनी’ मोटारीचं रबराचं सस्पेन्शन त्यांचं. १९५६ च्या सुएझ संकटात इंग्लंडमध्ये पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा त्यांनी सायकलकडे लक्ष वळवलं. स्त्री-पुरुष, उंच-बुटकं, सगळ्यांना एकच सायकल चालावी म्हणून त्यांनी चाक केलं सोळा इंचांचं, आडवी दांडी काढली, आणि सीट व हँडलच्या नळ्या खूप वरखाली होतील अशा ठेवल्या. छोटं चाक खड्ड्यात जास्त आपटतं, म्हणून पुढे-मागे रबराचं सस्पेन्शन. आणि छोटं चाक जड फिरू नये म्हणून टायर अरुंद आणि भरपूर हवेचे. रॅले कंपनीने हे डिझाइन नाकारलं, तेव्हा त्यांनी स्वतःच कारखाना काढला आणि १९६२ मध्ये सायकल बाजारात आणली. छोटी चाकं हळू असतात असं म्हणणाऱ्यांना त्याच वर्षी उत्तर मिळालं: जॉन वुडबर्न यांनी मोल्टनवर कार्डिफ ते लंडनचा विक्रम मोडला. पुढे १९६७ मध्ये रॅलेने मोल्टनची सायकल कंपनीच विकत घेतली.

पाठोपाठ १९६८ मध्ये रॅलेने स्वतःची ‘ट्वेंटी’ काढली. वीस इंची चाकं, एक जाड खाली झुकलेली नळी, सस्पेन्शन नाही, साधी आणि दणकट. माझ्या संग्रहातली पहिली सायकल हीच. कंपनीच्या कामासाठी इंग्लंडला असताना एका घराबाहेर ‘फुकट न्या’ अशी पाटी लावून गंजलेली उभी होती. मी सहज तिच्यावर बसले आणि दोन्ही पाय जमिनीला टेकले. तीस वर्षांच्या आयुष्यात मोठ्यांच्या सायकलवर हे पहिल्यांदा घडत होतं. परत येताना ती सुटी करून, दोन खोक्यांत भरून आणली.

दुसरी व्यक्ती जॉर्जिना टेरी, अमेरिकेची मेकॅनिकल इंजिनिअर. नोकरी करता करता घराच्या तळघरात नळ्या जोडून फ्रेम बनवायला लागली. बायका सायकल चालवल्यावर मान आणि पाठ दुखते म्हणून तक्रार करतात. दोष त्यांच्यात नसून मापांत आहे, हे तिने ओळखलं. लहान फ्रेमसाठी तिने मागचं चाक नेहमीचं ठेवून पुढचं चाक २४ इंचांचं केलं. अंगठा घासणं थांबलं आणि हँडल हाताशी आलं. १९८५ मध्ये तिने स्वतःची कंपनी काढली. मी आठवड्याला पन्नास तास दुसऱ्यांचे प्रोग्राम दुरुस्त करते, त्यामुळे मला तिची पद्धत ओळखीची वाटते: वापरणाऱ्याची चूक आहे असं म्हणण्याआधी आपलं गृहीतक तपासायचं.

आता थोडं कामाबद्दल. ‘ट्वेंटी’ उघडली तेव्हा पायडलच्या आसाची नळी नेहमीपेक्षा रुंद, ७६ मिलिमीटरची निघाली, आणि आटे इंचाला २४ ऐवजी २६. आपल्याकडचा कुठलाच कप बसेना. शेवटी जुनेच कप रॉकेलमध्ये दोन दिवस बुडवून, घासून परत घातले. छर्रे तेवढे नवे, पाव इंची, एका बाजूला अकरा. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गियरचा डबा आहे. त्यावर ‘७४ ३’ असं कोरलंय, म्हणजे तो मार्च १९७४ चा, माझ्यापेक्षा मोठा. आत मधोमध २० दातांचं चाक, भोवती २० दातांची छोटी चाकं आणि बाहेर ६० दातांचं कडं. यातलं कोण फिरवायचं हे बदललं की वेग तीन चतुर्थांश, जेवढ्यास तेवढा किंवा चार तृतीयांश होतो. अपूर्णांकांचं इतकं देखणं उदाहरण मला शाळेत मिळालं असतं तर बाईंचा मार वाचला असता.

दुसरी सायकल जुन्या बाजारातून घेतली, आपल्याकडचीच लेडीज, नेहमीपेक्षा लहान फ्रेमची. तिची सगळी जुळणी करून मी ऐटीत बसले, तर एक पायडल वर असताना दुसरं पुरतं खाली जाईना, लंगडी घातल्यासारखं होई. दोन रात्री डोकं खाजवलं. शेवटी पेठेतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी नुसतं बघून सांगितलं, “मॅडम, दोन्ही कॉटर एकाच बाजूने ठोकलेत. एक इकडून घालायचा, एक तिकडून.” पैसे घेतले नाहीत. चाकाचा आऊट काढायला मी त्यांच्याकडेच शिकले. सहा सायकलींत त्यांचा हात निम्म्याहून जास्त आहे.

इतिहासाचा शेवटचा तुकडा आपल्या देशातला. १९९१-९२ मध्ये तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी दांड्याच्या घेतल्या आणि दांडीवर मुलं बसवली. प्रौढ बायकांना ते जमलं. २००६ मध्ये बिहार सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला: माध्यमिक शाळेत वेळेवर दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं, आणि त्याबाबतीतली मुलगा-मुलगी तफावत ४० टक्क्यांनी घटली होती. हे वाचून मला आनंद झाला, आणि लगेच वाडीतली ती भिंत आठवली. आपल्याकडे ही गोष्ट सरकारी योजनेच्या कितीतरी आधी, एका घरापुरती, होऊ शकली असती. सायकल होती. मापाची नव्हती.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या बॅचने या मेळाव्यात शाळेला आठवीच्या मुलींसाठी वीस सायकली द्यायचं ठरवलं आहे. ग्रुपवर चर्चा चालली आहे की सगळ्या एकाच मापाच्या घेतल्या तर दुकानदार चांगली सवलत देतो. माझी हात जोडून विनंती आहे, तसं करू नका. आठवीच्या वर्गात साडेचार फुटांची मुलगी असते आणि सव्वापाच फुटांचीही. मध्यम मापाची सायकल दोघींनाही नीट बसत नाही. उंच मुलगी कसंबसं भागवून नेते, बुटकी घरी ठेवते. आणि जी सगळ्यात लांबून, पायी येते, तीच बुटकी असू शकते.

उपाय सोपा आहे. मुलीला भिंतीला पाठ लावून उभं करायचं, दोन पायांमध्ये एक पुस्तक वरपर्यंत सरकवायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. तो आकडा सायकलच्या सीटपासून खालच्या पायडलपर्यंतच्या अंतराशी ताडायचा. सगळ्या मुलींचं मोजून व्हायला एक तास पुरेल. त्यातल्या सहा-सात जणींना वीस इंची चाकाची लागेल. सवलत थोडी गेली तर फरक मी भरेन. माझ्याकडच्या दोन छोट्या सायकलीही शाळेला देते आहे, शिकण्यासाठी. दुरुस्तीला दर दिवाळीत आणि मे महिन्यात येऊन जाईन, म्हणजे भिंतीला टेकून पडणार नाहीत.

मैत्रीण मेळाव्याला येणार आहे. गटाच्या फोटोत या खेपेला ती असेल. ‘ट्वेंटी’ मी गाडीत घालून आणतेय असं तिला सांगितलं, तर म्हणाली, “आता गुडघे दुखतात गं. पण बसून बघीन.” पीटीच्या सरांना विनंती, त्या दिवशी रांग लावायची झाली तर पुन्हा मलाच पहिली उभी करा.

मोजपट्टी मी आणते.